गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला स्कूबा करताना दोन मीटरवरच कानाला दडे बसतात, तीनदा परत आले, मग काय केलं ते सगळं

प्रॉब्लेम आधी सरळ सांगते. बोट बेटाच्या आडोशाला नांगर टाकून उभी, पाठीवर टाकी, डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर, पाण्यात उतरलं, श्वास व्यवस्थित चाललाय, भीती वगैरे काही नाही, गाईडने खाली न्यायला सुरुवात केली आणि जेमतेम दीड-दोन मीटर गेलो नाही तोच कानात कळ. साधी नाही, सुई घातल्यासारखी, आणि ती कानापुरती राहत नाही, जबड्यापर्यंत उतरते. नाक दाबून फुंकायला सांगितलेलं असतं, ते केलं, काही नाही. अजून जोरात केलं, तरी नाही. मग वर. बोटीवर बसून बाकीचे खालून येईपर्यंत वाट बघायची आणि ते आले की त्यांचे मासे ऐकायचे.

माझं हे तीनदा झालं. मी मूळ डिचोलीची, आता पर्वरीला राहते, शाळेत मराठी शिकवते, समुद्र लहानपणापासून बघितलेला, पोहता येतं, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं आपला कानच खराब असणार. म्हापशाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासून आले, पडदा ठीक, मळ नाही, सगळं नॉर्मल. म्हणजे कानात बिघाड नव्हता, मी जे करत होते ते चुकीच्या वेळी करत होते. चौथ्या वेळी सहा मीटरवर वीस मिनिटं राहिले आणि एकदाही कळ आली नाही. हीच तक्रार घेऊन येणारे माझ्या ओळखीत इतके आहेत, कोल्हापूरचे सासरचे लोक, शाळेतल्या दोघी, शेजारच्यांचा मुलगा, की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं म्हटलं.

दडा म्हणजे काय ते आपल्याला घाटामुळे माहीत असतं. आंबोलीहून सावंतवाडीला उतरताना किंवा चोर्ल्यातून साखळीकडे येताना कान बंद होतात, मग आपण आवंढा गिळतो नाहीतर जांभई देतो आणि पुट् करून मोकळे होतात. मधल्या कानात, म्हणजे पडद्याच्या आतल्या बाजूला, हवेची छोटीशी पोकळी आहे आणि तिथून घशाच्या वरच्या भागात एक बारीक नळी येते, युस्टेशियन नळी. एरवी ती मिटलेली असते, गिळताना क्षणभर उघडते. बाहेरचा दाब वाढला की ती उघडून आत तेवढी हवा जावी लागते, नाहीतर पडदा आत ओढला जातो आणि दुखतो. इतकं तर सगळेच सांगतात.

पण पाणी आणि घाट यात फरक किती आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. आंबोली साधारण 690 मीटर उंचीवर, तिथून पार सावंतवाडीपर्यंत उतरलं की हवेचा दाब जेवढा वाढतो तेवढा पाण्यात पाऊण मीटर खाली जायच्या आत वाढतो. पाऊण मीटर म्हणजे कमरेएवढंसुद्धा पाणी नाही! घाट उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्या वेळात आपण दहा-वीस वेळा गिळतो, आणि इथे गाईडने टाकी धरून खाली नेलं की तेच अंतर दोन-तीन सेकंदांत संपतं. त्या दोन-तीन सेकंदांत तुम्ही बुडबुड्यांकडे बघत असता, रेग्युलेटर दातात नीट आहे का बघत असता, कानाची आठवणच नसते.

आणि एकदा उशीर झाला की नुसता जोर लावून ती नळी उघडत नाही. तिचं घशाकडचं तोंड मऊ असतं, बाहेरचा दाब आतल्यापेक्षा बराच वाढला की ते तोंडच चिमटून बसतं. साधारण सव्वा मीटर खोलीइतका फरक साचला की ती लॉक होते. मग कितीही फुंका, फुगा गाठ मारल्यावर फुंकल्यासारखं. म्हणजे कळ येते तेव्हा वेळ गेलेली असते. मी तीनही वेळा कळ आल्यावर नाक दाबत होते. मला सांगितलंच तसं होतं, ‘कान दुखला की नाक दाबून फुंक’, आणि बोटीवर ब्रीफिंग देणारे बरेच जण आजही असंच सांगतात. तुम्हाला हे वाक्य ऐकू आलं तर मनातल्या मनात बदलून घ्या, दुखायच्या आधी, प्रत्येक हातभर अंतराला, दुखो न दुखो.

पहिले काही मीटरच एवढे त्रासाचे का, तर पाण्याच्या वर 1 वातावरणाचा दाब असतो आणि 10 मीटरवर तो थेट दुप्पट होतो, कानातली हवा तेवढ्यात निम्म्या जागेत दाबली जाते. पुढचे 10 मीटर गेलं तरी ती निम्म्यावरून मूळच्या एक तृतीयांशावरच येते, म्हणजे बदल कमी कमी होत जातो. ट्राय डाइव्हची, म्हणजे गाईडने धरून नवख्यांना नेतात त्या डाइव्हची, खोली जास्तीत जास्त 12 मीटर ठेवतात, इथे बहुतेकदा पाच-सातच मीटर असते, त्यामुळे आपलं नवख्यांचं सगळं काम त्या सगळ्यात अवघड पट्ट्यातच चालतं. ‘थोडंच तर खाली जायचंय’ म्हणून निष्काळजी राहू नका, कानाला थोडंच सगळ्यात जास्त असतं.

आता मी काय काय बदललं ते.

पंधरा दिवस आधीपासून घरी सराव. हा सगळ्यात उपयोगी पडला. आरशासमोर उभं राहायचं, चिमटीत नाक धरायचं, तोंड बंद, आणि हलकेच नाकात हवा ढकलायची. दोन्ही कानांत बारीक पुट् किंवा चर्र असा आवाज आला पाहिजे. ही वालसाल्वा पद्धत, अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात, सगळे हीच शिकवतात. चालते, पण यात छातीचा जोर लागतो आणि घाबरलेला माणूस तो जोर वाढवतच जातो, तिथे धोका आहे. जोरात फुंकून आतल्या कानाच्या नाजूक पडद्याला इजा होऊ शकते, चक्कर आणि कायमचं ऐकू कमी येणं इथपर्यंत प्रकरण जातं. म्हणून गालात हवा साचून चेहरा लाल होईपर्यंत कधीही फुंकू नका, शेंबूड शिंकरतो त्याच्याही निम्म्या जोराने.

दुसरी, नाक धरून नुसता आवंढा गिळायचा, ही टॉयन्बी. मला घरी छान जमायची, पाण्यात तोंड कोरडं पडलं की गिळायला थुंकीच नसायची.

तिसरी फ्रेन्झेल, आणि माझा प्रश्न हिने सुटला. इंग्रजी व्हिडिओ बघून काही कळत नव्हतं, घसा बंद करा, जिभेचा पिस्टन करा वगैरे. मग एक दिवस वर्गात पोरांना कंठ्य वर्ण शिकवत होते, क ख ग घ, जिभेची मागची बाजू टाळूला कुठे लागते ते बोट दाखवून सांगत होते, आणि तिथेच उमगलं की हे तेच आहे. नाक चिमटीत धरा, श्वास रोखा, छाती अजिबात हलवू नका आणि आवाज न काढता ‘क’ म्हणायला जा, जोरात, क्, क्, क्. नाकपुड्या चिमटीच्या वर किंचित फुगतात आणि कंठमणी वर उडी मारतो, आरशात दिसतं ते. कान पुट् म्हणतात. जोर छातीचा नाही, फक्त जिभेचा, त्यामुळे कितीही वेळा करा, दमायला होत नाही आणि इजा होण्याइतका दाबही तयार होत नाही. मी गाडी चालवताना सिग्नलला, भाजी चिरताना, झोपायच्या आधी, असं दिवसात पन्नासेक वेळा करायचे. आधी उजवा कान उघडायचा, डावा नाही, आठवड्याने डावाही यायला लागला.

एक कान हट्टी असेल तर खाली जाताना तो कान वर, पृष्ठभागाकडे करायचा, म्हणजे मान दुसऱ्या खांद्याकडे झुकवायची, त्या बाजूची मान ताणली गेली की नळीला सोपं जातं. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण माझ्या डाव्या कानाला याच्याशिवाय पर्याय नाही.

मग बोटीवर. मालीम जेटीवरून निघालात तर तासाभराचा प्रवास आहे, बायण्याहून जवळ पडतं. या प्रवासात बोट लागते, उलट्या होतात, आणि उलटी झाली की नाक-घसा सुजल्यासारखा होतो मग कान काय उघडणार. बोट लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री आणि सकाळी घ्यावी, बोटीत बसल्यावर घेतलेली उपयोगाची नाही. सकाळी अगदी उपाशीही नको, इडली किंवा पाव-भाजी थोडी खाऊन जा. आदल्या रात्री दारू नको. गोव्यात आलेल्या पाहुण्यांना हे सांगणं अवघड असतं हे मलाही कळतं, तरी सांगते, शरीर कोरडं पडतं आणि नाक चोंदतं, आणि दारू प्यायलेल्याला पाण्याखाली नेणं हे तसंही चूकच.

सर्दी असेल तर जाऊ नका. हा मुद्दा मला दुप्पट मोठ्याने सांगायचाय. माझी तिसरी वेळ दिवाळीनंतरची, सर्दी जवळजवळ बरी झाली होती, पैसे भरलेले होते, म्हणून नाकात स्प्रे मारून गेले. स्प्रेने जाताना दोन-तीन मीटरपर्यंत सोपं वाटलं आणि मग अडकलंच, पण त्याहून वाईट येताना झालं. स्प्रेचा किंवा गोळीचा असर पाण्याखाली असतानाच उतरला की आत गेलेली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, तुम्ही वर येता, ती हवा प्रसरण पावते आणि पडदा बाहेरच्या बाजूला ताणला जातो. खाली जाताना दुखलं तर परत वर येता येतं, वर येताना दुखलं तर कुठे जाणार, हवा तर संपत आलेली असते. असं झालंच तर थोडं परत खाली, एखादा मीटर, जबडा हलवा, गिळा, मग अगदी हळू वर. यात नाक दाबून फुंकायचं नाही, आत आधीच हवा जास्त झालेली असते. मला वर आल्यावर मास्कमध्ये नाकाखाली रक्ताची बारीक रेघ दिसली आणि दोन दिवस डावा कान कापूस घातल्यासारखा होता. पैसे परत मिळोत न मिळोत, सर्दीत तारीख पुढे ढकला.

आणि कापसावरून आठवलं. आमच्या आत्याने कानात कोमट खोबरेल घालून जा म्हणून सांगितलं होतं, खूप जणांच्या घरी सांगतात. अडचण पडद्याच्या आतल्या बाजूला आहे, तेल बाहेरच्या बाजूला राहतं, काही उपयोग नाही. कापूस, इअरप्लग तर अजिबात नको, प्लग आणि पडदा यांच्यामध्ये आणखी एक बंद पोकळी तयार होते आणि तिला हवा पोचवायचा मार्गच नाही.

आता मुख्य गोष्ट, खाली जायचा वेग. ट्राय डाइव्हमध्ये वेग तुमच्या हातात नसतो, गाईडच्या हातात असतो, त्याने मागून टाकी धरलेली असते आणि त्याच्या मागे बोटीवर अजून आठ जण रांगेत असतात. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी, बोटीवरच, मास्क चढवायच्या आधी त्याच्याशी बोला. मी चौथ्या वेळी गाईडला सरळ सांगितलं, दादा, माझे कान हळू उघडतात, तीनदा परत आलेय, मला नांगराच्या दोरीवरून पाय खाली ठेवून न्या आणि मी बोट दाखवलं की थांबा. मालवणचा पोरगा होता, वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढा, म्हणाला, “सवकास जावया ताई, कसलीच घाई नाय.” आणि त्याने शब्द पाळला. ज्याला हे सांगितल्यावर वैताग येतो त्याच्याबरोबर जाऊ नका, मी आधी एकदा अशाच माणसाबरोबर गेले होते.

पाय खाली आणि डोकं वर असं उतरलं की कान उघडायला सोपं जातं, डोकं खाली करून गेलं की नळीच्या तोंडाशी रक्त उतरून सूज येते. ती दोरी अजून डोळ्यांसमोर आहे, हिरव्या शेवाळाने बुळबुळीत, मध्ये मध्ये बारीक शिंपल्या चिकटलेल्या, त्या तळव्याला टोचतात म्हणून हातमोजा मागून घ्या. एका हाताने दोरी, दुसरा हात नाकावर. पाण्याच्या वर असतानाच पहिलं पुट्. मग डोकं बुडालं की दुसरं. मग एक हात खाली सरकायचं, पुट्, अजून एक हात, पुट्. एखाद्या ठिकाणी नाही आला आवाज तर तिथेच फुंकत बसायचं नाही, आधी एक हात वर जायचं, तिथे उघडायचं, मग परत खाली. तीन मीटरच्या आसपास माझा डावा अडला, वर गेले, मान वाकवली, दोनदा क् क् केलं, उघडला. पाच मीटरपर्यंत पोचायला आम्हाला सहा-सात मिनिटं लागली असतील, पण दुखलं शून्य.

दोरीचा अजून एक फायदा गोव्यात फार आहे. इथलं पाणी अंदमानसारखं आरपार नाही. सीझन ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद, पण सीझनमध्येही तीन ते पाच मीटरच दिसणं हे नेहमीचं, कधी त्याहून कमी, पाणी हिरवट दुधाळ. तळ दिसत नसला की आपण किती वेगाने खाली चाललोय ते डोळ्यांना कळतच नाही, कळतं ते कानालाच. दोरी हातात असली की हातांनी मोजता येतं. आदल्या दिवशी फोन करून काल किती दिसत होतं ते विचारा, प्रामाणिक माणूस आकडा सांगतो, नुसतं ‘क्लिअर आहे, या’ म्हणणाऱ्याला परत विचारा.

खुणा. इथे फार मोठा घोळ होतो. आपण सवयीने ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो, पण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चल’. माझ्या नणंदेचं हेच झालं, तिला खूप मजा येत होती, तिने आनंदाने अंगठा दाखवला आणि गाईडने तिला वर आणलं, रडायची बाकी होती. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल. काही बिनसलं असेल तर पंजा आडवा धरून होडीसारखा डोलवायचा आणि मग जिथे त्रास आहे तिथे बोट, इथे कान. या दोन्ही खुणा बोटीवर गाईडसमोर करून दाखवा आणि त्याच्याकडूनही करून घ्या. आणि दुखत असताना लाजेखातर गोल दाखवू नका, तो तुम्हाला खालीच नेणार, त्याला बाहेरून कळायला मार्ग नाही.

मास्कचंही कानाशी नातं आहे म्हणून तेही सांगते. मास्कमध्ये नाक आत असतं ते उगाच नाही. खाली गेलं की मास्कमधली हवाही दबते आणि तो चेहऱ्यावर घट्ट बसतो, डोळ्यांखाली लाल ठिपके येतात, त्यासाठी नाकातून अगदी थोडी हवा आत सोडायची. पोहायच्या गॉगलला नाक नसतं म्हणून तो घालून खाली जायचं नाही. आणि हल्ली स्नॉर्केलिंगला तो पूर्ण चेहऱ्याचा मास्क मिळतो ना, त्यातल्या बहुतेकांत नाक चिमटीत धरता येत नाही, पाण्यावर तरंगून बघायला ठीक पण तो घालून बुडी मारलीत तर कान उघडायचा कसा? नुसतं तरंगत स्नॉर्केल करणाऱ्यांना कानाचा त्रास नसतोच, बुडी मारणाऱ्यांना तोच नियम, पाण्यात डोकं घालायच्या आधी पहिलं पुट्.

मास्कच्या काचेवर धुकं धरण्याचं कारण तुमचा श्वास, नाकातून सुटलेली गरम दमट वाफ गार काचेवर बसते. भाड्याच्या मास्कला आतून बेबी शॅम्पूचा एक थेंब बोटाने फिरवून पाण्यात एकदाच हलकं विसळा, किंवा थुंकी, खरंच चालते, सगळे तेच करतात. नवा मास्क घेतला असेल तर काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून धुवा, जेल नको. कपाळाला सनस्क्रीन फासलं की ते ओघळून काचेवर आणि डोळ्यांत जातं, त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, स्नॉर्केल करणाऱ्यांची पाठच जास्त भाजते. पाणी आत येत असेल तर पट्टा अजून आवळू नका, बहुतेक वेळा केसांची बट कडेखाली अडकलेली असते. माझ्या दिरांना मिशीमुळे सतत पाणी येत होतं, शेवटी नाकाखालची बारीकशी पट्टी कातरीने कमी केली आणि प्रश्न मिटला, मिशी शाबूत राहिली.

एक गोष्ट मला फार लागली म्हणून लिहिते. दुसऱ्या वेळी कान दुखल्यावर मी घाबरून पाय मारले, खाली काय आहे ते बघितलंच नाही, आणि माझ्या पायातला फिन, पोहायचा तो पंखा, कशावर तरी आपटला. वर येताना गाईडने खाली बोट दाखवलं, प्रवाळाचं एक पान मोडून वाळूत पडलं होतं. टर्बिनेरिया म्हणतात त्याला, कोबीच्या पानांसारखे एकात एक थर असतात, करड्या-तपकिरी रंगाचे, नवख्याला वाटतं खडकच आहे. तो खडक नाही, हजारो छोट्या जीवांची वसाहत आहे आणि वर्षाला अगदी थोडी थोडी वाढते. आपल्याकडे मुळात प्रवाळ कमी, ग्रँड आयलंडच्या आसपास तुकड्या तुकड्यांनी आहे, गढूळ पाण्यात, नदीच्या गाळात कसंबसं टिकून आहे. 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला, मोडायचं नाही, तुकडा उचलून घरीही आणायचा नाही. म्हणून गाईडला सांगा की वाळूच्या जागेवर उतरवा. कान उघडत नसेल तर तिथे धडपड झाली तरी खाली वाळू असते. आणि तुमचे कान शांत असतील तर पायही शांत राहतात, हे मी चौथ्या वेळी बघितलं, वीस मिनिटं दोन्ही हात छातीशी घेऊन तरंगत होते, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे मास्कच्या काचेशी येऊन परत फिरत होते आणि माझं लक्ष त्यांच्याकडे होतं, कानाकडे नाही. बोटीवरून कुणी मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकायला लागलं तर नको म्हणा, पाव त्यांचं अन्न नाही.

नंतरचं. वर आल्यावर कान जड वाटला, पाणी गेल्यासारखं वाटलं तर बहुतेक वेळा दिवसभरात जातं. पण ऐकू कमी येणं दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, कानात शिट्टी वाजत असेल, गरगरत असेल, कानातून पाणी किंवा रक्त आलं असेल, तर घरातले कुठलेही थेंब घालू नका, बड घालू नका, जोराने नाक शिंकरू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि डाइव्ह केली होती, किती मीटर, हे आवर्जून सांगा. गरगरणं आणि शिट्टी असेल तर त्याच दिवशी जा. पाण्याखाली असताना अचानक कळ थांबून गार वाटलं आणि सगळं फिरायला लागलं तर पडदा फाटून आत पाणी गेलेलं असू शकतं, दोरी किंवा गाईडला घट्ट धरा, थोड्या वेळात पाणी शरीराच्या तापमानाला आलं की फिरणं कमी होतं, मग हळू वर. आधी कधी पडदा फाटलेला असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, दमा, हृदयाचा त्रास किंवा दिवस गेलेले असतील तर फॉर्मवर खरं लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा, बोटीवर गेल्यावर नाही. मुलांना दहा वर्षांच्या आधी टाकी लावू नका, त्यांची नळी अरुंद आणि आडवी असते, त्यांना स्नॉर्केलच पुष्कळ.

आणि परतीचं तिकीट. एका डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी निदान 12 तास जाऊ द्यायचे, एकापेक्षा जास्त झाल्या असतील तर 18. दाबोळी असो की मोपा, संध्याकाळची फ्लाइट असेल तर सकाळी डाइव्ह नको, स्नॉर्केल करा. हाच नियम साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीलाही धरतात, म्हणजे बेळगाव, आंबोली, चोर्ला सगळे आले त्यात. ट्राय डाइव्ह उथळ आणि थोड्या वेळाची असते त्यामुळे धोका कमी, पण आमच्या कोल्हापूरच्या मंडळींना मी आता थांबवूनच ठेवते, सकाळी डाइव्ह केली की त्या रात्री आमच्याकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी नाश्ता करून घाट चढा, आणि चढताना कान बंद झाले तर नुसतं क् म्हणा.